दुसऱ्या माणसाची मंजुरी

आमच्या कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. साहेबांच्या पाहुण्यासाठीही थांबली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाकणहून निगडीला येणाऱ्या माणसाची बस एकदा चुकली की मग शेअर रिक्षा, मग तळेगाव चौकातली ती कधी न संपणारी रांग, मग मोशीला सिटी बससाठी पुन्हा उभं राहणं. घरी पोचेपर्यंत माणसाचा चोथा होतो. त्यामुळे जनरल शिफ्ट सुटायच्या आधीचा अर्धा तास आमच्याकडे कुणी काम करत नाही, सगळे बस पकडतात. बॅग खांद्यावर, एक डोळा घड्याळावर, आणि हातात मोबाइल. ही बस मी आधी सांगतोय, कारण आमच्या कारखान्यातल्या सगळ्या सॉफ्टवेअरची राखण त्या बसच्या वेळेवर अवलंबून होती, आणि ते माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

माझं काम काय, हे वडिलांना मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. ते आकुर्डीला कारखान्यात पेंट शॉपला होते. आयुष्यभर शिफ्ट केली, युनियनच्या मीटिंगा केल्या, आणि आम्हा भावंडांना शिकवलं. मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सिक्युरिटीत आहेस. गेटवर." मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. लाईनवरच्या मशीननी बोल्ट किती ताकदीने आवळायचा, लेबलवर काय छापायचं, कुठला प्रोग्राम कुठल्या कॉम्प्युटरवर चालवायचा, हे सगळं आता फाईलींमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाईलींची एक सामायिक जागा आहे, तिला आम्ही रेपो म्हणतो. तिथे कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते. पूर्वी एखादा इंजिनियर मशीनजवळ जाऊन आकडा बदलायचा. आता रेपोत बदल केला की काही मिनिटांत तो आपोआप सगळीकडे खाली उतरतो, आणि मशीनवर कुणी हाताने काही वेगळं केलंच तर यंत्रणा ते पुसून रेपोत आहे तसं करून टाकते. फार सोयीचं आहे. फक्त याचा अर्थ असा, की ज्याला त्या फाईलीत एक ओळ लिहिता येते त्याला आख्खा कारखाना बिघडवता येतो. ते होऊ नये हे बघणं म्हणजे माझी नोकरी.

त्यासाठी जगभर एक साधा नियम चालतो. एकाने बदल लिहायचा, दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा. दुसऱ्या माणसाची मंजुरी मिळाल्याशिवाय काहीही खाली उतरत नाही. नियम आमच्याकडेही होता, कागदावर अगदी ठणठणीत.

प्रत्यक्षात काय चालायचं ते मी बसमध्ये पाहिलं. आमच्यातला एकजण, त्याला सगळे भाऊ म्हणायचे, खेड तालुक्यातला, जुन्या शेतकरी घरातला. त्याला बसची गरज नव्हती, पण मोशीपर्यंत गप्पा मारायला तो यायचा आणि तिथून चुलत्याच्या गाडीने परत जायचा. असा माणूस. त्या दिवशी त्याने एका सीटवर रुमाल टाकून कुणासाठी तरी जागा धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर एकामागून एक मंजुऱ्या देऊन टाकल्या. मधल्या एका मंजुरीत माझाही बदल होता. चांगला दोन पानी.

"वाचलंस का?" मी विचारलं.

"आवो दादा, वाचायचं काय त्यात? तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल."

त्याने हे कौतुकाने म्हटलं होतं, आणि तिथेच सगळी गोम होती. आमच्याकडे दुसऱ्याचं काम बारकाईने वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. सोबत्याचा बदल अडकला, त्याची बस चुकली, तर पाप आपल्या माथी. म्हणून बस सुटायच्या आत सगळे सगळ्यांचं मंजूर करून टाकायचे. ही आमची माणुसकी होती. मला ती दिसत होती आणि तिचा भयंकर संतापही येत होता.

आमच्यात खरोखर वाचणारं माणूस एकच होतं. ती लातूरकडची. नवरा हिंजवडीला, कंपनीच्या कॅबमध्ये निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये बसलेला. मुलगा लहान, निगडीला पाळणाघरात. ती आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होती, म्हणजे पगार दुसऱ्याच एका कंपनीकडून, आणि गळ्यातल्या कार्डाची पट्टी निळी. आम्हा कायम लोकांची लाल. कँटीनमध्ये रांग एकच, पण पट्टीचा रंग कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

ती बदल वाचायची तो वाचण्यासारखा वाचायची. ओळीवर बोट ठेवून. माझ्या बदलांमध्येही चुका काढायची, आणि काढताना आवाज असा, की जणू चूक तिचीच आहे. "दादा, हे असं ठेवलं तर जुन्या लाईनवर पण जाईल की ओ. तसं करायचं होतं का?" तसं अर्थातच करायचं नसायचं. मी "बघतो" म्हणून गुपचूप दुरुस्त करायचो. वीस-बावीस वर्षं या धंद्यात काढलीत, चांगली चांगली माणसं पाहिली, पण माझा बदल तिने वाचलाय म्हटल्यावर मला जेवढी शांत झोप लागायची तेवढी दुसऱ्या कुणामुळे लागली नाही.

मग मी ती बसमधली मंजुरी बंद केली. मोबाइलवरून काही मंजूर करता येणार नाही, अशी व्यवस्था लावली. प्रत्येकाला एक डोंगल दिला. बोटाच्या पेराएवढी वस्तू, कॉम्प्युटरला लावायची, पिन टाकायची, आणि मंजुरी देताना तिच्यावर बोट टेकवायचं. बोट टेकवल्याशिवाय मंजुरी नाही, आणि एकदा टेकवलं की "मी नव्हतो" म्हणायची सोय नाही. त्याबरोबर नियम लिहिला: डोंगल दुसऱ्याच्या हातात आढळल्यास देणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचा, दोघांचाही प्रवेश तात्काळ बंद. साहेबांकडे सहीला नेला. त्यांनी वाचला का? नाही. सही केली आणि म्हणाले, "छान, कडक आहे."

लोकांनी मला किल्लेदार म्हणायला सुरुवात केली. "किल्लेदार, बस चुकवणार आज आमची," हे रोजचं झालं. मी मनावर घेतलं नाही. खरं तर थोडा खूशच होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र ती खुशी उतरली. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा होते. लाईनवरच्या मशीनना हार, सर्व्हर रूमच्या दाराला तोरण. मी विहारात वाढलेला माणूस, बाजूला उभा राहतो आणि पेढा मात्र न विसरता खातो. त्या वर्षी भाऊने एक ताट आणलं. त्यात झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि सगळ्यांच्या डोंगलांचा एक ढीग. प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"अरे, हे सगळे एकत्र कशाला केले?" मी ओरडलोच.

"आवो दादा, आपलं हत्यार हाय त्ये. देवाम्होरं कसली चोरी?"

पूजेनंतर कुणाचा कुठला हे कळेना. सगळे सारखेच दिसायचे. एकेक लावून पाहत, हसत, हा तुझा, तो माझा, असं करत त्यांनी ते वाटून घेतले. मी प्रत्येकाला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधायला लावली, चार शब्द सुनावले, आणि सगळ्यांनी "हो दादा, हो दादा" केलं. ही माणसं डोंगलला आपली सही समजत नव्हती. घरातली पक्कड असते ना, ज्याला लागेल त्याने घ्यावी, तसं ते होतं त्यांच्यासाठी. त्या दिवशी मी हसण्यावारी नेलं.

ज्या दिवशी ते घडलं तो दिवस अगदी साधा होता. ढगाळ, दमट, कँटीनमध्ये वांग्याची भाजी. जेवण झालं आणि थोड्या वेळाने तिला पाळणाघरातून फोन आला. मी तेव्हा दुसऱ्या इमारतीत मीटिंगला होतो. हे सगळं मला नंतर तिच्याकडून आणि भाऊकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळत होतं.

"लेकराला ताप आलाय म्हणं, मी निघते," ती भाऊला म्हणाली. बस सुटायला अवकाश होता, ती रिक्षानेच जाणार होती. एका लाईनवर नव्या मापाचा बोल्ट आला होता आणि त्याच्यासाठी आवळायची ताकद कमी करायची होती. तो बदल भाऊ लिहीत होता आणि वाचायची पाळी तिची होती. लाईनवाले खालून फोन करत होते. पूर्वीसारखं असतं तर ती रिक्षात बसून मोबाइलवर वाचून मंजूर करू शकली असती. ती वाट मी बंद केली होती. तिने डोंगल काढला, भाऊच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घरी पोचले की फोन करते, तुम्ही मला वाचून दाखवा, मग लावा."

आमच्या बाजूला घराची किल्ली समोरच्या बिऱ्हाडात ठेवतात. पोरं शाळेतून येतात, कामवाली येते, गॅसवाला येतो, कुणी तरी दार उघडायला हवं. किल्ली ठेवताना कुणी विचार करत नाही, की आता समोरचा आपल्या घरात शिरेल. उलट ठेवली नाही तर समोरचा रुसतो. तिने डोंगल तसाच ठेवला. पिन सांगायचीही गरज पडली नाही. तिच्या मुलाच्या वाढदिवसाची तारीख होती ती, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ऑफिसात केक खाल्ला होता.

ती वाटेत स्पाइन रोडला असताना मुलाचा ताप वाढल्याचा दुसरा फोन आला. पाळणाघरातून त्याला घेऊन ती तशीच डॉक्टरकडे गेली. भाऊला फोन करायचं राहून गेलं. खालून लाईनवाल्यांची बोंब चालूच होती. भाऊने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिचा डोंगल लावला, पिन टाकली, बोट टेकवलं. बोट कुणाचं ते डोंगल ओळखत नाही, त्याला नुसता स्पर्श लागतो. लिहिणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. नोंदीत मात्र दोन माणसं.

चूक एवढीशी होती. कमी केलेला आकडा एका लाईनच्या फाईलीत लिहायचा तो त्याने सगळ्या लाईनींच्या सामायिक फाईलीत लिहिला. म्हणजे जुने बोल्टसुद्धा सैल आवळले जाऊ लागले. ब्रेकचे भाग आहेत हे, खेळणी नाहीत. डिस्पॅचला तपासणाऱ्या माणसाच्या हाताला एक बोल्ट हलका लागला, म्हणून कळलं. तोवर एक ट्रक गेटबाहेर पडला होता. चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकचे उपकार मी आयुष्यात एकदाच मानले ते तेव्हा. ट्रक तिथेच अडकला होता, ड्रायव्हरला फोन करून मागे फिरवता आला. लाईनी थांबल्या. तयार मालाला लाल पट्ट्या लावून सगळा बाजूला काढला आणि माणसं बसवून एकेक बोल्ट पुन्हा तपासला. ग्राहकाला कळवावं लागलं, आणि त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभा होता.

त्याला पहिल्यांदा हवं होतं ते नाव. कुणी लिहिलं आणि कुणी पास केलं. नोंद उघडली. लिहिणारा भाऊ. वाचून मंजूर करणारी ती. डोंगल तिचा, पिन तिची. "मी नव्हतो" म्हणायची सोय नाही, असं मीच मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत आलो होतो. ती समोर बसली होती, रात्रभर जागलेली, मुलाचा ताप उतरला नव्हता. "दादा, मी नव्हते इथं," एवढंच ती म्हणाली. माझी यंत्रणा म्हणत होती की तीच होती.

हे खोटं पाडायला मला फार वेळ लागला नाही. गेटवर कार्ड लावून बाहेर पडल्याची तिची नोंद मंजुरीच्या बरीच आधीची होती. आणि मी ती नोंद काढायच्या आतच भाऊ स्वतःहून साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता. "साहेब, त्येंचा काय संबंध न्हाई. बोट म्या लावलं. चूक माजी हाय." मी बाहेरून ऐकलं. माणूस कच्चा असेल, खोटा नव्हता.

मला वाटलं, झालं, मिटलं. सत्य दोन्ही बाजूंनी समोर आलं. मी गेटची नोंद घेऊन आत गेलो आणि म्हणालो, "साहेब, ती इथे नव्हतीच."

"म्हणजे तिचा डोंगल दुसऱ्याकडे होता."

"हो."

"मग तुमचा नियम काय म्हणतो?"

त्यांनी तो समोर उघडूनच ठेवला होता. सही करताना वाचला नव्हता, आता वाचला. मोठ्याने वाचला. माझीच वाक्यं, माझ्याच तोंडावर, आणि एका शब्दाचाही फरक नाही.

मी म्हणालो, नियमात प्रवेश बंद करा असं आहे, माणूस काढा असं नाही. ते म्हणाले, प्रवेशच नसेल तर ती इथे काम काय करणार? मी म्हणालो, मग भाऊ काय करणार? ते म्हणाले, तो कायम आहे. त्याला लेखी नोटीस द्यावी लागेल, उत्तर घ्यावं लागेल, चौकशी लावावी लागेल, तोवर दुसऱ्या कामावर बसवू. "कॉन्ट्रॅक्टवाल्यांना हे सगळं नसतं. त्यांच्या कंपनीला एक मेल टाकायचा." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले. "ग्राहकाला मला काहीतरी केल्याचं दाखवायचंय हो. तुम्ही समजून घ्या."

मी भांडलो. एरवी माझा आवाज साहेबांपुढे चढत नाही, तो चढला. मी म्हणालो, आख्ख्या विभागात वाचणारं माणूस एक, आणि न वाचल्याची शिक्षा तिलाच. ते म्हणाले, तुमचं पटतंय मला. पटलं तरी मेल गेला.

संध्याकाळी घरी वडिलांना सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"चोर कुणीच नाही, दादा," मी म्हणालो. आम्ही वडिलांनाच दादा म्हणतो.

"मग फाशी कशाला?" ते म्हणाले. "तिचं म्हणणं कुणी बसून ऐकलं का? आमच्या वेळी सुपरवायझरने साधी शिवी दिली तरी चौकशी बसायची. माणूस बोलायचा, समोरचा लिहून घ्यायचा." मी म्हणालो, तिला युनियन नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून नव्हे.

तो नियम लिहिल्याची मला लाज वाटत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आजही लिहायला बसलो तर तसाच लिहीन. एकाचं बोट दुसऱ्याच्या नावाने चालू लागलं तर उद्या बाहेरचा कुणी येऊन आमचे सगळे बोल्ट सैल करून जाईल, आणि तेव्हा ट्रक चौकात अडकेलच असं नाही. नियम बरोबर होता. पण तो लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे चोर होता, भामटा होता, कुठल्या तरी परदेशातल्या खोलीत बसलेला हॅकर होता. तापाने फणफणलेलं मूल नव्हतं. पुढे चार ठिकाणी मी हाच नियम लावला आणि दर वेळी लोकांनी माझं कौतुक केलं. कौतुक ऐकताना मला कडू लागतं.

तिचा शेवटचा दिवस मेलमध्येच लिहिला होता. काम दुसऱ्याला समजावून देता यावं म्हणून साहेबांनी माझं 'तात्काळ' तेवढं पुढे ढकललं होतं; त्या दिवशी संध्याकाळच्या आत तिचा आणि भाऊचा प्रवेश काढायचा होता. आमच्याकडे प्रवेशाची यादीसुद्धा रेपोतच असते. कुणाला काय उघडता येतं आणि कशावर मंजुरी देता येते, ते एका फाईलीत लिहिलेलं. नाव काढायचं तर त्या फाईलीत बदल करायचा, आणि तोही दुसऱ्या माणसाने वाचून मंजूर करायचा. मी सकाळपासून ते टाळत होतो. दुपारी बसलो आणि दोन ओळी खोडल्या. एक भाऊची, एक तिची.

आता दुसरा माणूस कोण? या फाईलीला मंजुरी देऊ शकणारे आम्ही चौघेच. चौथा गावी बहिणीच्या लग्नाला गेला होता. साहेबांना मीच यादीत घेतलं नव्हतं, ते वाचत नाहीत म्हणून. राहिले हे दोघं, ज्यांची नावं खोडायची होती.

भाऊकडे गेलो. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"दादा, माज्यानं न्हाई व्हायचं. माजं एकट्याचं काडा, आत्ता बोट लावतो. त्येंचं न्हाई."

"तुझं वेगळं काढलं तरी तिचं राहतंच की."

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला आणि उठून खाली लाईनवर निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक बदल वाचला होता आणि नाकारला होता.

मी जागेवर येऊन नुसता बसलो. ती समोरच्या टेबलाशी आपलं काम दुसऱ्याला समजावं म्हणून लिहून ठेवत होती. तिला विचारायचं माझ्या मनातही नव्हतं, पण बदल टाकला की यादीतल्या सगळ्यांना सूचना जाते. तिलाही गेली होती.

"दादा," ती तिथूनच म्हणाली, "हे माझ्याकडं आलंय. मी बघू का?"

"राहू दे. उद्या चौथा येईल, तो करेल."

"मेलमध्ये आजचं लिहिलंय. उशीर झाला तर परत तुमच्यावर येईल ते." तिने खुर्ची पुढे ओढली. "आणि एवढं तरी मी बघूनच जाते."

मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती वाचत होती. पहिल्या ओळीपासून, नेहमीसारखी, ओळीवर बोट ठेवून. तिचं स्वतःचं नाव लाल होऊन खोडलेलं होतं, त्या ओळीवरून बोट तसंच पुढे सरकलं. बाहेर बस लागली होती आणि लोक बॅगा घेऊन जिन्याकडे निघाले होते. दोघातिघांनी लांबूनच तिला हात केला. जवळ कुणी आलं नाही.

"दादा, लेबलच्या फाईलीत मी राहिले की ओ," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. खरंच होतं. मुख्य यादीतून तिला काढलं होतं, पण लेबल छापायच्या मशीनची एक वेगळी लहान यादी आहे, तिच्यात तिचं नाव तसंच होतं. तेवढं राहिलं असतं तर काम सोडल्यावरही तिला घरबसल्या आमची लेबलं बदलता आली असती. मी ज्याच्यासाठी पगार घेतो ती नेमकी तीच चूक मी केली होती.

"राहू दे ते," मी म्हणालो. का म्हणालो, मला माहीत नाही.

"असं कसं राहू दे? ते पण काढा, मग मी परत बघते."

मी जागेवर गेलो, तेवढी ओळ खोडली आणि बदल पुन्हा पाठवला. तिने परत पहिल्यापासून वाचला. मग डोंगल लावला, पिन टाकली आणि बोट टेकवलं. दुसऱ्या माणसाची मंजुरी मिळाली. आता कुणी काही करायची गरज नव्हती, यंत्रणा आपोआप सगळीकडे बदल उतरवते.

बस गेल्याचा आवाज आला. तिने डोंगल काढून दोऱ्यासकट माझ्या टेबलावर ठेवला. मग परत आपल्या जागेवर जाऊन रेपोचं पान उघडून पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"नाही उघडत," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "झालं बरोबर, दादा."